ढोलीसमोरची फांदी
(द्वितीय वर्ष कला)

ककणेर दिसण्याच्या आधी ऐकू येतो. रानात कुठेतरी कर्कश कलकलाट उठतो, मग उंबराच्या शेंड्यावर एक काळापांढरा पक्षी येऊन बसतो. त्याची ती अवजड चोच आणि चोचीवर बसवलेले ते शिंग पाहून नवखा माणूस आधी हसतो आणि मग पाहतच राहतो. आमच्या संगमेश्वर तालुक्यातल्या गावात मी लहानपणापासून त्याला ककणेर म्हणूनच ओळखत आलो. पुस्तकात त्याला मलबारी कवड्या धनेश म्हणतात हे महाविद्यालयाच्या ग्रंथालयात कळले. आमच्या घरात पुस्तक उघडणारा मी पहिलाच. घरातले नाव आणि पुस्तकातले नाव एकाच पक्ष्याचे आहे, हे ओळखताना काय आनंद होतो तो माझ्यासारख्यालाच ठाऊक!

या पक्ष्याचा संसार मोठा विलक्षण. त्याची चोच एवढी थोरली, पण तिने लाकूड कोरता येत नाही. त्यामुळे जुन्या झाडाची आयती ढोली शोधावी लागते. आमच्याकडे बहुधा बेहड्याची, नाहीतर राईतल्या एखाद्या जख्ख आंब्याची. मादी आत शिरते आणि विष्ठा व फळांचा चोथा यांनी ढोलीचे तोंड लिंपून घेते. चोच बाहेर येईल एवढीच फट उरते. आत तिची पिसे झडतात, म्हणजे उडून जायची सोयही उरत नाही. पुढे सुमारे तीन महिने ती आणि पिल्ले नराच्या जिवावर जगतात. नर गळ्यात फळे साठवून आणतो आणि एकेक वर काढून फटीतून भरवतो. ढोलीजवळ माणूस दिसला की तो दूरच्या फांदीवर थांबून राहतो. तो जितका थांबेल तितकी आत उपासमार.

आता नेमका हाच प्रसंग छायाचित्रकारांना हवा असतो. त्यात नवल नाही. चोचीत लाल उंबर धरलेला नर आणि फटीतून पुढे आलेली मादीची चोच, असे चित्र कुणाला नको? पण रानात ते मिळणे फार कठीण. खाली झाडोऱ्याचा अंधार, वर पांढरे आकाश. पक्षी काळा, त्याचे पोट पांढरे. काळ्याला उजेड पुरवावा तर पांढरे जळून जाते, पांढरे सांभाळावे तर काळ्याचा नुसता डाग होतो. अंधारात पडदा सावकाश उघडावा तर पंख पुसट येतात. म्हणून मग कुणी झगझगीत दिवा मारतो, कुणी जवळ सरकतो आणि कुणाला मध्ये आलेली फांदी खुपू लागते.

गेल्या मार्चमध्ये आमच्या गावी असेच एक गृहस्थ आले होते. हातभर लांबीचे भिंग, तिपाई, सारा सरंजाम. माझे वडील मोलमजुरी करतात, पण राईतली झाडे त्यांना घरच्या माणसांसारखी ठाऊक. तेच वाट दाखवायला गेले. तिपाई माझ्या खांद्यावर होती. बेहड्यासमोर पोचल्यावर गृहस्थांनी पुन्हा पुन्हा भिंगातून पाहिले. एक पानांनी भरलेली फांदी ढोलीच्या बरोबर पुढे येत होती. ते म्हणाले, "एवढी फांदी उतरवा. हजार रुपये देतो."

हजार रुपये म्हणजे आमच्या घरी किती, हे मी इथे सांगत बसत नाही. माझी परीक्षा फी त्याच आठवड्यात भरायची होती आणि बाबांना ते माहीत होते. कोयता त्यांच्या कमरेला होता. ते म्हणाले, "सायेब, फांदी नाय तोडायची. त्या आडोशाला बघूनच ती आत बसलीय. आडोसा गेला तर कावळा बघंल, घार बघंल, नर यायचा नाय."

गृहस्थ नाराज झाले, पण ऐकले. आम्ही मागे सरलो. दूरच्या उंबरावर नर फळे खात होता, त्याची छायाचित्रे त्यांनी घेतली. परत येताना मागच्या पडद्यावर बाबांना एक दाखवलेही. बाबांनी ते निरखून पाहिले आणि विचारले, "ह्यो मोठा करून शाळंत लावता येईल काय?"

फी कशी भरली ते सांगण्यासारखे नाही, उसनवारीत भरली.

पुढे एका संध्याकाळी मी वाचनालयात १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा चाळत होतो. त्यात शिकारीची व्याख्या आहे. वन्य पक्ष्याला मारणे ही तर शिकार आहेच. पण त्याच्या अंड्यांना किंवा घरट्याला उपद्रव देणे हीही त्या व्याख्येत शिकारच आहे. मी ते वाक्य तीनदा वाचले. बंदूक आणि कॅमेरा यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे असे आपण समजतो. कायदा म्हणतो, फरक हत्याराचा नव्हे, वागण्याचा. आणि हे कलम ज्यांना अक्षरही वाचता येत नाही ते बाबा कोयता कमरेलाच ठेवून पाळून आले होते!

यावरून कॅमेऱ्याला दोष द्यावा असे मात्र मला वाटत नाही. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या बोधचिन्हावर महाधनेश आहे. त्यामागे 'विल्यम' नावाचा खराखुरा पक्षी आहे. १८९४ ते १९२० अशी सव्वीस वर्षे तो संस्थेच्या कचेरीत राहिला. त्या काळी शहरातल्या माणसाला धनेश बघायचा तर तो असा पाळावा लागे. आज एका छायाचित्राने तो पिंजऱ्याशिवाय हजारो घरांत पोचतो. आमच्या जिल्ह्यातले बहुतेक रान खाजगी मालकीचे आहे, आणि पोकळ बेहडा मालकाला सरपणापलीकडे काही देत नाही. त्या पोकळीत कोण राहते हे एखाद्या चित्राने त्याला दाखवले, तर कुऱ्हाड कदाचित थांबेल. चित्राचे एवढे मोल मी मानतो. प्रश्न एवढाच, की ते मिळवण्यासाठी आपण किती पावले पुढे जायचे आणि कुठे थांबायचे.

मित्रहो, आपण शिकलेली माणसे पुढे जायला लवकर शिकतो. थांबणे कुठल्या अभ्यासक्रमात आहे, कोण जाणे. मे महिन्याच्या अखेरीस ढोलीचे लिंपण फुटले आणि दोन पिल्ले बाहेर आली. बाबांनी ती पाहिली, मी पाहिली. फांदी अजून तिथेच आहे.