आधी झाकण उघडा

सर्व्हिसिंगच्या बिलात हल्ली ‘इंजिन फ्लश’ ही ओळ हमखास दिसते. जुन्या ऑइलमध्ये बाटलीतलं पातळ रसायन ओतायचं, इंजिन दहा-पंधरा मिनिटं जागच्या जागी चालू ठेवायचं आणि मग सगळं काढून टाकायचं. ऑइलच्या वाटा धुऊन निघाल्या, असं मालकाला वाटतं. मुरलेला मिस्त्री मात्र बाटलीला हात लावण्याआधी ऑइल भरायचं झाकण उघडतो, आत बॅटरीचा झोत टाकतो आणि झाकणाच्या आतल्या बाजूवरून बोट फिरवतो. बोटाला नुसतं ऑइल लागलं, आतला धातू फिकट तपकिरी दिसला, तर फ्लशची गरज नाही. ऑइल काळं दिसतं म्हणून घाबरायचंही कारण नाही. काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. डिझेल गाडीत तर नवं ऑइलही लवकरच काळं पडतं.

बोटाला डांबरासारखा चिकट गाळ लागला, की खरा प्रश्न सुरू होतो.

अशा गाडीत बहुधा ऑइल बदलायची मुदत कधीच उलटलेली असते, किंवा गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच चालते. इंजिन पुरतं तापत नाही, आतली वाफ आणि पेट्रोलचा अंश उडून जात नाही, आणि ऑइल बिघडत जातं. अशा इंजिनात फ्लश ओतणं सगळ्यात धोक्याचं. सुटलेला सगळाच गाळ विरघळत नाही. त्याचे तुकडे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं त्या चेंबरमध्ये उतरून ऑइल पंपाच्या जाळीवर बसतात. ही जाळी फिल्टरच्याही आधी असते. ती तुंबली की ऑइलचा दाब पडतो आणि क्रँकची बेअरिंगं, कॅम, मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेणारा टर्बो, सगळे कोरडे पडू लागतात. रॉकेल किंवा डिझेल ओतून इंजिन धुण्याची जुनी रीतही म्हणूनच सोडलेली बरी.

दोष दर वेळी मालकाचाच असतो असंही नाही. अमेरिकेत विकलेल्या टोयोटाच्या १९९७ ते २००२ च्या काही मॉडेलांमध्ये गाळाच्या इतक्या तक्रारी आल्या, की कंपनीने अशा दुरुस्तीसाठी आठ वर्षांची हमी दिली. साबच्या ९-५ या गाडीतही पंपाची जाळी तुंबायची. जाणते मेकॅनिक तिथे रसायनावर भिस्त ठेवत नसत. चेंबर उतरवून जाळी हाताने साफ करत.

हाच रस्ता खात्रीचा. चेंबर उतरवणं मेहनतीचं, खर्चही बाटलीच्या कितीतरी पट. ग्राहकाला तो आकडा सांगणं जिवावर येतं, तरी सांगायलाच हवा. थर पातळ असेल तर मात्र इतकं करायला नको. कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचं चांगलं ऑइल भरावं आणि पुढचे दोन-तीन बदल निम्म्या मुदतीतच करावेत. ऑइलमधली स्वच्छक रसायनं तो थर हळूहळू काढतात. फ्लशला जागा आहे ती इथेच, तीही गाडीच्या कंपनीची मनाई नसेल तर.

प्रत्येक बदलात फिल्टर नवा घालावा आणि जुना कापून उलगडून पाहावा. घड्यांत काजळी दिसली तर ठीक. धातूचा चमकता कीस दिसला, तर सफाईचा विषय बाजूला ठेवून बेअरिंगं तपासायला घ्यावीत.