पुढे चालू?

यंत्र निवडणे वर निवडण्यासारखेच: रूप पाहावे की स्वभाव? उदगीरच्या घरी आईचे मराठी चित्रपट मी व्हीसीडींवरून हार्ड डिस्कवर उतरवले. त्यांच्या ‘डॅट’ फायली टीव्हीला ओळखताच येईनात. ‘कोडी’ मोठा रुबाबदार. पोस्टरे मांडतो, माहिती पुरवतो. पण फायलीचे नाव जरा वाकडे असले, की १९५२ सालच्या, म्हणजे उदगीर बिदर जिल्ह्यात होते तेव्हाच्या, ‘पेडगावचे शहाणे’ला ओळखही दाखवत नाही! ‘व्हीएलसी’ साधाभोळा, नाव-गाव न विचारता वाजवतो. मी तोच पत्करला. आईला तरी नावे कुठे आठवतात? “परांजप्यांचा लाव रे,” एवढेच. म्हणून फोल्डर केले ते माणसांचे: राजा परांजपे, अनंत माने.

‘जगाच्या पाठीवर’ ती निम्माच पाहते. दुसऱ्या दिवशी व्हीएलसी विचारतो, पुढे चालू करू? कालचे त्याला आठवते, आईला नाही. मी ‘नको’ दाबतो.