गोव्याला जाताय? मग नदीपलीकडचा गोवाही बघा

मैत्रिणींनो, दिवाळीची सुट्टी जवळ आली की घरोघरी गोव्याचा विषय निघतो. मुलांना समुद्र हवा असतो, यजमानांना दोन दिवस निवांतपणा हवा असतो, आणि सासूबाईंच्या मनात असतं की एवढं लांब जातोच आहोत तर मंगेशाचं दर्शन व्हावं. या सगळ्यांची मोट बांधायचं काम अर्थातच आपल्याकडे! शेवटी तीन दिवस किनाऱ्यावर आणि देवदर्शन परतीच्या दिवशी घाईघाईत, असा बेत ठरतो. मग घरी आल्यावर वाटतं, वाळू आणि लाटा सोडून आपण पाहिलं तरी काय? तसं होऊ नये म्हणून हा लेख. माझं सांगणं एवढंच, की बेत उलटा करा. आधी देवळं आणि गावं, मग समुद्र. का, ते पुढे सांगतेच.

आटोपशीर राज्य

गोवा आहे तरी केवढा? अवघा ३,७०२ चौरस किलोमीटर. म्हणजे आपल्या आजच्या ठाणे जिल्ह्याहूनही थोडा लहान. एका बाजूला सह्याद्री, दुसऱ्या बाजूला अरबी समुद्र, आणि मधून वाहणाऱ्या मांडवी आणि जुवारी या दोन मोठ्या नद्या. पोर्तुगीजांनी हा मुलूख १५१० साली घ्यायला सुरुवात केली आणि १९ डिसेंबर १९६१ रोजी तो मुक्त झाला. ३० मे १९८७ रोजी गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला. राजभाषा कोंकणी, पण मराठी सगळीकडे समजते, मराठी वर्तमानपत्रंही मिळतात. त्यामुळे बाजारहाट करताना अडत नाही. निघताना दुकानदाराला 'देव बरें करूं' म्हणा. आपल्या 'आभारी आहे'च्या जागी तिथं हे म्हणतात, आणि किती गोड आहे पाहा!

कसं जायचं, कधी जायचं

आपल्या उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरकडच्या मंडळींना ठाण्याहून गाडी पकडणं सोयीचं. कोकणकन्या रात्री निघते, मांडवी एक्सप्रेस सकाळी. मुलं बरोबर असतील तर जाताना मांडवीच बरी, कारण कोकण रेल्वेचा रस्ता दिवसाउजेडी बघण्यासारखा आहे. रत्नागिरीच्या अलीकडे साडेसहा किलोमीटरचा करबुड्याचा बोगदा लागतो, आणि रत्नागिरी सोडली की ६४ मीटर उंचीचा पानवलचा पूल. मुलांना आधीच सांगून ठेवलं तर ती खिडकी सोडणार नाहीत. आरक्षण साठ दिवस आधी सुरू होतं. सुट्टीच्या दिवसांत ते बघता बघता भरतं, तेव्हा कॅलेंडरवर तारखेला खूण करून ठेवा. पावसाळ्यात गाड्यांचं वेळापत्रक वेगळं असतं, हेही ध्यानात असू द्या.

हवा वर्षभर उष्ण आणि दमट. ऑक्टोबरअखेरपासून फेब्रुवारीपर्यंतचे दिवस उत्तम. नाताळ ते नवीन वर्ष या आठवड्यात मात्र गर्दीही फार आणि खर्चही फार. नरकचतुर्दशीला तिथं असाल तर पहाटे लवकर उठा. गावोगावी नरकासुराचे मोठमोठे पुतळे जाळतात, आणि मग घरोघरी फोव, म्हणजे पोह्यांचे प्रकार होतात. दुधातले, ताकातले, गुळाचे, नारळाच्या रसातले. आपल्या फराळाहून अगदी निराळी दिवाळी!

देवांनी बदललेली घरं

आता बेत उलटा करायचं कारण. गोव्यातली मोठमोठी देवळं फोंडा तालुक्यातच इतकी दाटीनं का, असा प्रश्न तुम्हाला कधी पडलाय? मंगेशीहून म्हार्दोळची म्हाळसा अगदी हाकेच्या अंतरावर, पुढे बांदोड्याला महालक्ष्मी, नागेशी आणि रामनाथी, आणि कवळ्याला शांतादुर्गा. एका दिवसात सगळी होतात.

यांतला नागेश मूळचाच तिथला. बाकीचे देव मात्र तिथले नव्हेत, बरं का. मंगेश होता कुशस्थळीला, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीत. शांतादुर्गा केळशीची, म्हाळसा वेर्ण्याची, महालक्ष्मी कोलव्याची, रामनाथ लोटलीचा. ही सारी गावं साष्टीतली. सोळाव्या शतकाच्या मध्याला पोर्तुगीजांनी तिसवाडी, बारदेश आणि साष्टीतली देवळं पाडायला सुरुवात केली. पुढे १५६० साली धर्मन्यायालय आलं, ते थोडा काळ सोडला तर १८१२ पर्यंत टिकलं. पण नदीपलीकडचा फोंडा तेव्हा आदिलशाहीत होता, तिथं पोर्तुगीजांचा हुकूम चालत नव्हता. मग लोकांनी काय केलं? देव उचलले आणि लपतछपत नदी ओलांडली. मंगेश १५६० साली असाच प्रियोळला आला. आधी साधा आसरा, आणि आज दिसतात ती सभामंडपाची, दीपमाळांची देखणी देवळं त्यानंतर कितीतरी वर्षांनी उभी राहिली.

आम्ही उल्हासनगरात पाच नंबर कॅम्पला राहतो, म्हणून असेल कदाचित, पण ही हकिकत मला परकी वाटत नाही. आमचं गावच मुळी घर सुटलेल्यांचं. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं इथल्या लष्करी छावणीच्या बराकींत राहिली. १९४९ साली छावणीला उल्हासनगर हे नाव मिळालं. शेजारणींच्या घरी झूलेलालची पूजा होते, तीही सिंधू नदीच्या काठावरूनच इथवर आलेली. सामान मागे राहतं, पण देव आणि हाताची चव बरोबर येते. पुन्हा चूल मांडायची कशी, हे आपणा बायकांना कुणी वेगळं शिकवावं लागत नाही. फोंड्याच्या देवळांत उभं राहिलं की हे फार जाणवतं.

आणखी एक बघा. शांतादुर्गेची कथा अशी, की शिव आणि विष्णू यांचं युद्ध जुंपलं, तेव्हा देवी मध्ये उभी राहिली आणि तिनं दोघांना शांत केलं. घरातल्या दोघांचं वाजलं की मध्ये कोण पडतं, ते काय सांगायला हवं! गोव्यात या वृत्तीचा पडताळाही येतो. शिरगावची लईराई आणि म्हापशाच्या चर्चमधली मिलाग्रीस सायबीण यांना लोक सख्ख्या बहिणी मानतात. सायबिणीच्या फेस्ताला हिंदूही जातात. काही घरं धर्म बदलून मागे राहिली, काही नदीपलीकडे गेली, पण बहिणीबहिणींची नाती काही तुटली नाहीत.

फेरीबोटीतून नार्वे

मुलांना हे पुस्तकासारखं सांगू नका, प्रत्यक्ष दाखवा. जुन्या गोव्यात आधी बॉम जेझूची बॅसिलिका आणि से कॅथेड्रल बघा. १९८६ पासून ही चर्चं जागतिक वारशाच्या यादीत आहेत, आणि खरोखरच डोळ्यांचं पारणं फिटतं. संत फ्रान्सिस झेवियरचा देह तिथंच आहे. तिथून फेरीबोटीनं दिवाडी बेटावर जा. सप्तकोटेश्वराचं मूळ देऊळ या बेटावर होतं. बेट ओलांडून दुसऱ्या फेरीबोटीनं नदी पार केली की नार्वे. देवही असाच बेटावरून इथं आला. १६६८ साली शिवाजी महाराजांनी नार्व्याच्या या देवळाचा जीर्णोद्धार केला. शाळेत शिकवताना मी पाहते, मुलांना गोवामुक्तीची तारीख पाठ असते, पण तिच्यामागचं काही ठाऊक नसतं. या दोन फेऱ्यांत त्यांना जे कळेल ते दहा धड्यांत कळायचं नाही.

जमल्यास सह्याद्रीच्या पायथ्याचं तांबडी सुर्ल्याचं महादेवाचं देऊळही करा. कदंबांच्या काळातलं, काळ्या पाषाणाचं, जंगलात आडबाजूला असल्यानं बचावलेलं. शके ९८२, म्हणजे इ.स. १०६० मधलं आपलं अंबरनाथचं शिवमंदिर आठवल्याशिवाय राहणार नाही.

राहणं, जेवण आणि काही सूचना

- फोंड्याच्या बहुतेक मोठ्या देवळांना अग्रशाळा आहेत. खोल्या साध्या, पण कुटुंबाला सोयीच्या. आधी फोन करून जागा विचारून घ्या. देवळांत अंगभर कपडे हवेत.
- मासे खाणाऱ्यांनी उकड्या तांदळाचा भात, हुमण आणि सोलकढी चुकवू नये. शाकाहारी मंडळींनी तिरफळं घातलेलं खतखतं आणि मुगागाठी मागावी. सकाळी पोदेराकडची गरम पोई घ्या. आपला पाव, बटाटा, अननस, काजू हे शब्द पोर्तुगीजांकडूनच आले, हे मुलांना सांगा.
- जून आणि जुलैमध्ये यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, तेव्हा ताजी मासळी कमी आणि महाग.
- समुद्रात लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच उतरा. नुसता लाल झेंडा असेल तर मुळीच नाही. पावसाळ्यात पाण्यात जायचंच नाही, यजमान कितीही पट्टीचे पोहणारे असोत!
- किनाऱ्यावर स्टोव्ह पेटवून स्वयंपाक करायला आणि उघड्यावर मद्यपान करायला कायद्यानं बंदी आहे. डबा बांधून न्या आणि कचरा परत आणा.
- भाड्याची दुचाकी घ्याल तर काळ्या पाटीवर पिवळे आकडे आहेत ना, ते बघून घ्या.
- येताना आमसुलं, काजू आणि थोडी तिरफळं आणा. तिरफळं डब्यात घट्ट बंद ठेवली की महिनोन्महिने टिकतात.

पहिले दोन दिवस फोंडा, जुनं गोवं आणि नार्वे यांना द्या. मग शेवटचे दोन दिवस मिरामार, कोलवा, पाळोळे, हवा तो किनारा गाठा आणि मुलांना मनसोक्त भिजू द्या. सासूबाईंचं दर्शनही निवांत होईल आणि यजमानांचा समुद्रही चुकणार नाही. आणि कोलव्याच्या वाळूत बसाल तेव्हा बांदोड्याची महालक्ष्मी मूळची याच गावची, हे तुम्हाला माहीत असेल. तर मग, आरक्षणाची तारीख बघताय ना?