टेबलाच्या अलीकडे

लग्नाकार्यात कुणी विचारले, "आपण काय करता?" आणि मी सांगितले, "मानसोपचाराचे काम करते," की समोरच्या बाई पदर सावरून किंचित मागे सरकतात. "अगबाई! म्हणजे आमच्या मनातलं तुम्हांला सगळं कळत असेल!" मी हसून म्हणते, "छे हो! कळत नाही, म्हणून तर विचारावं लागतं."

विनोद जुना झाला, पण त्यातले सत्य मला फार उशिरा उमगले. सगळे काही विचारणारी मी, एक प्रश्न मात्र कित्येक वर्षे टाळत आले होते.

मी पुण्यात नुकती या कामाला लागले होते तेव्हाची गोष्ट. वसतिगृहात राहणारी एक विद्यार्थिनी माझ्याकडे येत असे. (इथल्या माणसांच्या खुणा मी बदलल्या आहेत.) एके दिवशी खिडकीबाहेर पाहत ती म्हणाली, "आता कशातच राम वाटत नाही." माझ्या पोटात धस्स झाले. तिला काय म्हणायचे आहे ते मी ओळखले. पण विचारले नाही. विचारले तर नसते खूळ तिच्या डोक्यात शिरेल, ही एक भीती. दुसरी कायद्याची. त्या काळी आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता. मी टेबलापलीकडून एक कागद पुढे सरकवला. 'मी जिवाचे बरेवाईट करणार नाही' असे लिहून घेतले. तिने मुकाट्याने सही केली आणि मी सुटकेचा श्वास टाकला.

आठ दिवसांनी ती इस्पितळात होती. नशीब थोर, वाचली. महिन्याने आली तेव्हा मी चाचरत त्या कागदाचा विषय काढला. ती शांतपणे म्हणाली, "मॅडम, तुम्ही त्या दिवशी इतक्या घाबरला होतात, की म्हटलं, सही करून टाकावी. तुम्हांला बरं वाटेल."

म्हणजे त्या खोलीत धीर मी तिला देत नव्हते. तीच मला देत होती!

पुढे वाचताना वॉशिंग्टनचे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड जोब्स यांची पद्धत हाती आली. वरवर पाहता अगदी साधी. उपचार करणाऱ्याने समोर बसायचे नाही. परवानगी घेऊन शेजारी बसायचे. मरणाच्या विचारांबद्दल उघड विचारायचे. विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही, हे संशोधनाने दाखवले आहे. मग कागद आणि पेन त्या माणसाच्या हातात द्यायचे. आपले दुःख त्याने आपल्या शब्दांत मांडायचे आणि दोन रकाने भरायचे : जगावेसे वाटण्याची कारणे आणि मरावेसे वाटण्याची.

हे मी प्रथम करून पाहिले ते छापखाना बंद पडलेल्या एका गृहस्थांबरोबर. मी उठले, टेबलाला वळसा घातला आणि विचारले, "इथं शेजारी बसले तर चालेल?" ते चकित झाले. मग विचारले, "जीव द्यावा असं मनात येतं का?"

बराच वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, "रोज. पण हे आजवर मला कुणी विचारलं नाही."

त्यांनी चष्मा लावला आणि लिहू लागले. मला वाटले होते, जगण्याच्या रकान्यात बायको आणि मुलगी येणार. ती आली दुसऱ्या रकान्यात! 'माझ्या कर्जाचा बोजा या दोघींवर नको.' मी अंगावर काटा येऊन पाहत राहिले. एरवी मी हेच म्हणाले असते ना, "अहो, बायकोमुलीचा तरी विचार करा"? आणि नेमके दुखऱ्या जागी बोट ठेवले असते.

जगण्याच्या रकान्यात एकच ओळ होती : 'ट्रेडल मशीनला अजून तेल घालतो.'

मग आम्ही दोघांनी मिळून अडचणीच्या वेळेची योजना लिहिली. तिचा आराखडा बार्बरा स्टॅन्ले आणि ग्रेगरी ब्राऊन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांचा. आधी धोक्याची खूण : 'रात्री तीनला उठून हिशेबाची वही काढतो.' तेव्हा काय करायचे? मी सुचवले, प्राणायाम. त्यांनी लगेच खोडले. "बाई, हे काही माझ्या हातून व्हायचं नाही." लिहिले, 'चहा टाकीन. तळमजल्यावर जाऊन मशीन पुसीन.' तेवढ्याने भागले नाही तर मेव्हण्याला फोन. त्यानंतर माझा क्रमांक. आणि केव्हाही लागणारा सरकारचा टेलिमानसचा 14416. शेवटी, घरातले काय मेव्हण्याकडे ठेवायला द्यायचे, तेही त्यांनीच ठरवले.

एवढ्याशा कागदाने काय होणार, असे कुणी म्हणेल. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या इस्पितळांमधील अभ्यासात, ज्यांना अशी योजना आणि पाठोपाठ चौकशीचे फोन मिळाले, त्यांच्यात पुढच्या सहा महिन्यांत आत्मघाताकडे वळण्याचे प्रकार जवळजवळ निम्म्याने कमी आढळले. आपला कायदाही बदलला. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने, असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली आहे असे गृहीत धरून त्याची काळजी घेण्याची जबाबदारी सरकारवर टाकली. 2024 पासून लागू झालेल्या न्याय संहितेत तर ते जुने कलमच उरलेले नाही.

माझी भीती मात्र गेलेली नाही. त्या रात्री तीनला मलाही जाग आली. शेजारी बसूनही एक माणूस मी गमावला आहे. त्याची खुर्ची मला अजून दिसते. अशा वेळी मीही एका ज्येष्ठ सहकाऱ्यांकडे जाऊन बसते. एकट्याने पेलण्याचे हे ओझे नव्हे, माझ्यासाठीही.

गेल्या दिवाळीआधी ते छापखानावाले गृहस्थ अचानक आले. माझा जीव खालीवर झाला. त्यांनी खिशातून तो कागद काढला. घड्यांवर झिजून पार फाटायला आला होता.

"काय झालं?"

"काही नाही हो. मेव्हण्याचा नंबर बदललाय. म्हटलं, नवा लिहून काढू."

मी खुर्ची ओढली आणि त्यांच्या शेजारी बसले.