पपनस सोलताना

गणपतीच्या डोक्यावर बांधतात त्या माटवीवरचं पपनस विसर्जनानंतर सोलायचं, असा आमच्या सावंतवाडीकडच्या घरात अलिखित नेम होता. चतुर्थीला कवंडळं, सुपारीची शिपटी, नारळ यांच्या मधोमध ते टांगलं जाई आणि गणपती असेपर्यंत आरत्यांच्या धुरात, समईच्या उबेत, पावसाळी ओलाव्यात हळूहळू हिरव्याचं पिवळं होत राही. मग गणपती जात. मखर रिकामं होई, पाहुणे पांगत, घर एकाएकी मोठं वाटू लागे. आणि त्या मोठ्या झालेल्या घरात आजी पपनस घेऊन बसे. सुरी सालीला लागताच तेलाचे बारीक थेंब उडत, डोळे चुरचुरत आणि वास उठे. लिंबाहून सौम्य, संत्र्याहून खोल, मागे कडवटपणाची एक रेघ ठेवून जाणारा. सण संपल्याची हुरहुर मला आजही याच वासात भेटते.

सोलणं हे घाईचं काम नव्हतंच. वरची साल निघाली की आत बोटभर जाडीचा पांढरा गर लागे, कापसाच्या गादीसारखा. तो उचकटून काढायचा, फोडी सुट्या करायच्या, मग एकेका फोडीचा चिवट पापुद्रा पाठीकडून सोलत आणायचा. आत गुलाबी कण्या. एकेक कणी वेगळी, रसाने टचटचलेली, तरी बोटाला कोरडी लागणारी. "सावकाश गो बाय," आजी म्हणायची, "साल फाटली तर फाटांदे, फोड फुटाक नको." कडूपणा सगळा त्या पापुद्र्यात आणि पांढऱ्या गरात, तो नीट काढला तर कण्या आंबटगोड, नुसत्या मिठासोबत खाव्यात अशा. सालीचा अर्धा वाडगा धाकट्या भावाच्या डोक्यावर टोपी म्हणून जाई.

परसातलं ते झाड न्हाणीच्या सांडपाण्यावर वाढलेलं. त्याला कुणी कधी खत घातलं नसेल. एवढ्या दुर्लक्षातही ते माघ-फाल्गुनात जाड पाकळ्यांच्या पांढऱ्या फुलांनी भरे आणि सगळं मागलं दार घमघमे. त्याचं कूळ किती मोठं, हे मला फार उशिरा कळलं. आज बाजारात दिसणाऱ्या बहुतेक लिंबू-संत्र्यांच्या मुळाशी तीन जुनी फळं आहेत: पपनस, मँडरिन संत्रं आणि महाळुंग. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात आहे तेच महाळुंग. पपनस आणि मँडरिन यांच्या संकरातून गोड संत्रं जन्मलं, म्हणजे जालन्याच्या मोसंबीतही आमच्या परसातल्या झाडाचं रक्त आहे. पुढे हे गोड संत्रं आणि पपनस, दोघंही समुद्र ओलांडून वेस्ट इंडीजमध्ये पोचली आणि अठराव्या शतकात बार्बाडोस बेटावर त्यांचा पुन्हा संकर होऊन ग्रेपफ्रूट उपजलं. नातवाचं मग फ्लोरिडात, टेक्ससमध्ये कौतुक झालं, बागाच्या बागा उठल्या. आजोबा मात्र कोकणात झाडाखाली पडून कुजतात. मला याचं खरंच वाईट वाटतं.

आजीच्या शेवटच्या वर्षांत तिला रक्तदाबाच्या गोळ्या सुरू झाल्या आणि डॉक्टरांनी पपनस बंद केलं. त्याचं मूळ असं: 1989 साली कॅनडात एका प्रयोगात दारूची चव लपवायला ग्रेपफ्रूटचा रस वापरला होता. तेव्हा रक्तदाबाच्या एका औषधाचं रक्तातलं प्रमाण अनपेक्षितपणे वाढलेलं आढळलं. ग्रेपफ्रूटमधल्या ज्या द्रव्यांमुळे हे घडतं, ती पपनसातही असतात. आजीने वाद घातला नाही. चतुर्थी सरली की आम्ही सोलायला बसायचो आणि ती सालीचा एक तुकडा मागून घ्यायची. नखाने दाबायची, नाकाशी धरायची, डोळे मिटायची. पुन्हा दाबायची. कण्यांकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. तिचं पपनस खाणं ते एवढंच, आणि ते पुरेसं असावं. इतकं शांत तोंड मी एरवी देवापुढेही पाहिलं नाही.

भाद्रपदाच्या सुमारास कोकणात किंवा गोव्यात गेलात, तर बाजारात माटवीच्या, गोव्याकडे माटोळीच्या, सामानात हे फळ दिसेल. गोव्यात तोरिंजन म्हणून मागा. हातात तोलून पाहा आणि आकाराच्या मानाने जड असेल तेच घ्या, हलकं बहुधा आत कोरडं निघतं. गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि परसात जागा असेल तर एक झाड जरूर लावा. बियांचं लावलंत तर बरीच वर्षं थांबावं लागेल, गुटी कलम त्यामानाने लवकर धरतं.