मिटलेली वाट

आमच्या कचेरीतल्या संगणकांचे जाळे सांभाळणे हा माझा पोटापाण्याचा उद्योग. या जाळ्यात स्विच नावाच्या पेट्या असतात. इकडचा निरोप तिकडे पोचवावा, एवढेच त्यांचे काम. एक तार तुटली तर खोळंबा नको, म्हणून दिवाळीच्या तोंडावर दोन पेट्यांमध्ये मी आणखी एक तार जोडली आणि स्वतःच्या दूरदृष्टीवर खूष होऊन चहाला गेलो.

परत येतो तो सारी कचेरी ठप्प! सर्वांसाठी निघालेला निरोप एका तारेने जाई, दुसरीने परत येई आणि पुन्हा निघे. असल्या निरोपाला मरण नसते. गावातल्या अफवेसारखा तो फिरतच राहतो. मागून नवे येऊन मिळतात, आणि खऱ्या कामाला वाट उरत नाही.

यावरचा तोडगा राडिया पर्लमन या विदुषीने १९८५ सालीच शोधला आहे. त्याचे नाव स्पॅनिंग ट्री. पेट्यांनी आपल्यातून एक मूळ निवडायचे, मुळाकडे जाणारी एकेक सोयीची वाट चालू ठेवायची आणि वर्तुळ करणाऱ्या वाटा मिटायच्या. जाळ्याचे झाड होते. झाडाला फांद्या असतात, वर्तुळे नसतात. आमच्या पेट्यांत ही सोय होती, पण बंद. मी तसे पाहिलेच नव्हते!

ती सुरू केली, तर मूळ म्हणून निवडून आली माळ्यावरची खटारा पेटी! सर्वांचा अग्रक्रम कारखान्यातूनच ३२७६८. बरोबरी झाली की ज्या पेटीच्या पत्त्याचा आकडा लहान ती जिंकते, आणि ती बहुधा सर्वांत जुनी असते. मधल्या दणकट पेटीला मी ४०९६ हा आकडा दिला, तेव्हा कारभार मार्गी लागला.

मिटलेली वाट मात्र मेलेली नसते. मुळाकडून दर दोन सेकंदांनी येणारी खुशाली ती मुकाट्याने ऐकत असते. खात्रीसाठी मी चालू तार उपटली. आमच्या पेट्या जुन्या वळणाच्या. पंधरा सेकंद कानोसा, पंधरा सेकंद ओळखपाळख, आणि अर्ध्या मिनिटाने मिटलेली वाट उघडली.

त्या अर्ध्या मिनिटात मला दादा आठवला. घराच्या वाटणीवरून आमचे बोलणे सुटले, त्याला सात वर्षे झाली. एकमेकांची खबर मिळे ती आईकडून. आता आईला फोनवर ऐकू येत नाही.

संध्याकाळी मी दादाचा नंबर फिरवला. घंटा बराच वेळ वाजत राहिली.

“बोल,” दादा म्हणाला. मग जरा थांबून, “गुडघा कसा आहे तुझा?”