अर्धा तास आडवी

दुसऱ्या खेपेला दिवस गेले तेव्हा थोरली तीन वर्षांची होती. मी भिगवणजवळच्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. यजमान कागद कारखान्यात पाळीवर असतात आणि सासऱ्यांची मासळी बाजारात आडत आहे, त्यामुळे आमचं घर पहाटेच जागं होतं. प्रसूती रजा 180 दिवसांची मिळते. ती बाळासोबत जास्तीत जास्त घालवता यावी म्हणून मी शेवटपर्यंत शाळेत जायचं ठरवलं. सातवा महिना लागला आणि अंगातलं बळ ओसरल्यासारखं झालं. तास उभ्याने घ्यायचे, घरी येऊन भाकरी थापायच्या, लेकीला भरवायचं. रात्री पाठ टेकली तरी झोप येत नव्हती. थकलेल्या माणसाला झोप लागते हा समज गरोदरपणात खोटा ठरतो.

थकव्याच्या जोडीला भीती होती. पहिलं बाळंतपण माहेरी, करमाळ्याला झालं. तेव्हा रात्रभर कळा सोसल्या. प्रत्येक कळ आली की दात आवळायचे, मुठी वळायच्या आणि ती ओसरली तरी पुढच्या कळेच्या धास्तीने अंग ताठच राहायचं. जोर लावायची वेळ आली तेव्हा लावायला जोरच उरला नव्हता. बाळ सुखरूप आलं, पण त्या रात्रीची आठवण अंगात बसली होती. या वेळी पोट दिसायला लागलं तशी ती आठवणही वर यायला लागली.

पुण्यात परिचारिका असलेल्या माझ्या शाळेपासूनच्या मैत्रिणीला हे फोनवर सांगितलं. तिने मोबाइलवर स्वसंमोहनाचं एक रेकॉर्डिंग पाठवलं आणि म्हणाली, "रोज ऐक. काही करायचं नाही, नुसतं ऐकायचं." संमोहन म्हटलं की रंगमंचावरचा जादूगार आठवतो. या रेकॉर्डिंगमध्ये तसलं काहीच नव्हतं. एक बाई शांत आवाजात श्वासाकडे लक्ष द्यायला सांगत होती, मग डोक्यापासून पायापर्यंत एकेक अवयव सैल सोडायला आणि शेवटी मनात एक सुखाची जागा उभी करायला. तिथे पोचलं की कळ ही लाटेसारखी येते, चढते आणि उतरते, अशी सूचना पुन्हापुन्हा येत होती.

पहिले बरेच दिवस मी ते शेवटपर्यंत ऐकलंच नाही. खांदे सैल सोडायची सूचना येईपर्यंत मी गाढ झोपलेली असायची. मैत्रिणीला विचारलं, असं झोपून तयारी कशी होणार? तिने दिलेलं उत्तर मला फार मोलाचं वाटतं. ती म्हणाली, "तुझ्या शरीराला आज झोपेची गरज आहे म्हणून ते झोपतंय. झोप घेऊ दे. सरावासाठी वेगळी वेळ काढ." त्याप्रमाणे मी दोन वेळा ठरवल्या. रात्री ऐकायचं ते झोप लागावी म्हणून. संध्याकाळी शाळेतून आल्यावर ऐकायचं ते भिंतीला पाठ टेकून, जागं राहून. शरीर सैल पण मन जागं, ही अवस्था साधली तरच सूचना मनात उतरतात. गाढ झोपेत त्या कानाशीच थांबतात.

विज्ञानाची शिक्षिका असल्यामुळे यामागे काय आहे ते वाचल्याशिवाय मला राहवलं नाही. ग्रँटली डिक-रीड नावाच्या ब्रिटिश प्रसूतितज्ज्ञाने 1933 पासून आपल्या पुस्तकांतून मांडलं होतं की भीतीने स्नायू ताठतात, ताठलेल्या स्नायूंनी वेदना वाढते आणि वाढलेल्या वेदनेने भीती आणखी वाढते. कळा आणणारं ऑक्सिटोसिन हे संप्रेरक निवांतपणात चांगलं स्रवतं, तर धास्तावलेल्या शरीरातलं ॲड्रेनालिन कळांना अडथळा आणू शकतं, हे आता पाठ्यपुस्तकांतही आहे. एडमंड जेकबसन या अमेरिकी डॉक्टरांनी एकेक स्नायू आवळून सैल सोडायची पद्धत 1929 मध्ये पुस्तकरूपाने मांडली. आपल्याकडे मुंगेरच्या स्वामी सत्यानंद सरस्वतींनी योगनिद्रेची बांधणी केली. उजव्या हाताच्या अंगठ्यापासून सुरू होऊन अंगभर फिरणारं लक्ष आणि मनात धरलेला एक संकल्प, हे तिचं रूप आज पुष्कळांना माहीत आहे. माझ्या मोबाइलवरच्या आवाजात या सगळ्यांचाच अंश होता.

वाचताना दोन मोठे अभ्यासही सापडले. डेन्मार्कमध्ये 1,222 पहिलटकरणींवर झालेला अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. स्वसंमोहन शिकलेल्या आणि न शिकलेल्या बायकांच्या वेदनेत किंवा कंबरेतून भूल घेण्याच्या प्रमाणात त्यात फरक दिसला नाही. ब्रिटनमध्ये 680 बायकांवर झालेला अभ्यास 2015 मध्ये आला. त्यांतल्या एका गटाला वर्गात शिकवून रोज ऐकायला रेकॉर्डिंग दिलं होतं. तिथेही भूल घेण्याचं प्रमाण फारसं बदललं नाही. मात्र बाळंतपणानंतर विचारलं तेव्हा रेकॉर्डिंग ऐकलेल्या बायकांना, आपल्याला वाटलं होतं त्यापेक्षा भीती आणि चिंता कमी वाटल्याचं दिसलं. जागतिक आरोग्य संघटनेनेही 2018 च्या मार्गदर्शक सूचनांत स्नायू सैल सोडणं, श्वसन, संगीत अशा उपायांची शिफारस केली आहे, ज्या बाईला हवं असेल तिच्यासाठी.

हे वाचून माझा हिरमोड झाला नाही. उलट अपेक्षा ठरवता आली. वेदना नाहीशी होणार नव्हती. कंबरेतून भूल देऊन बाळंतपण झालेली बाई माझ्या ओळखीत एकही नव्हती. आपल्यालाही कळा पुरत्या सोसायच्या आहेत हे मी धरूनच चालले होते. मला हवं होतं ते एवढंच, की भीतीपायी ताकद वाया जाऊ नये.

तरी थकव्याचं एक कारण कुठल्याच रेकॉर्डिंगने जाणारं नव्हतं. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची खास तपासणी असते. ही योजना 2016 पासून चालू आहे. तिथे माझं हिमोग्लोबिन 9.2 भरलं. गरोदरपणात ते 11 च्या खाली गेलं की रक्तक्षय समजतात. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या गरोदर बायकांपैकी 52.2 टक्के बायकांत तो आढळला. म्हणजे दवाखान्याच्या बाकावर माझ्या शेजारी बसलेल्या दोघींपैकी एकीची तरी हीच गत असण्याची शक्यता होती. डॉक्टरांनी लोहाच्या लाल गोळ्या दिवसाला दोन केल्या, गोळीच्या आगेमागे चहा बंद करायला सांगितला आणि लिंबू पिळलेलं पाणी घ्यायला सांगितलं. आरोग्य खात्याच्या आशाताई दर आठवड्याला दारात येऊन गोळ्यांची पट्टी बघून जायच्या. महिन्याभरात जिना चढताना लागणारी धाप कमी झाली. म्हणून रेकॉर्डिंग सुचवताना मी प्रत्येकीला आधी रक्त तपासून घ्यायला सांगते. अंगात रक्त नसेल तर मनाच्या सूचना कुणाच्या जोरावर पाळायच्या?

डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट दुरुस्त केली. रेकॉर्डिंगमधला आवाज उताणं पडायला सांगत होता. शेवटच्या महिन्यांत उताणं पडलं की गर्भाशयाचा भार पोटातल्या मोठ्या शिरेवर पडतो, हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं आणि घेरी येऊ शकते. त्यामुळे रात्री आणि संध्याकाळीही मी डाव्या कुशीवर, दोन गुडघ्यांमध्ये उशी घेऊन ऐकायला लागले.

हळूहळू त्या परक्या आवाजात मला काहीतरी कमी वाटायला लागलं. ती बाई समुद्रकिनाऱ्यावर न्यायची. समुद्र मी लग्नानंतर एकदाच पाहिलेला. माझ्या मनात निवांतपणाची जागा म्हटली की उजनी धरणाचं पाणी येतं. भीमेवर ते धरण झालं तेव्हा सासऱ्यांच्या वडिलांची जमीन पाण्याखाली गेली. शेती गेली आणि त्याच पाण्याने मासळीचा धंदा दिला. कुंभारगावच्या काठावर उभं राहिलं की सकाळी धुक्यातून होड्या परतताना दिसतात आणि उथळ पाण्यात रोहित पक्षी माना खाली घालून चरत असतात. एका रविवारी शाळेच्या रिकाम्या वर्गात बसून मी माझ्याच आवाजात रेकॉर्डिंग केलं. कपाळ सैल, जबडा सैल, खांदे खाली. मी काठावर बसले आहे. वारा येतो, पाणी हलतं, वारा थांबतो, पाणी स्थिर होतं. कळ येईल आणि जाईल. दोन कळांच्या मधला वेळ माझा आहे, त्या वेळात मी विसावणार. हे शेवटचं वाक्य मी तीनदा म्हटलं, कारण पहिल्या खेपेला नेमकं तेच राहून गेलं होतं.

संध्याकाळचं ऐकणं रोज नीट व्हायचं तर प्रश्न होता जागेचा आणि वेळेचा. उसाचा हंगाम सुरू झाला होता. रस्त्याने उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत, मोठ्याने गाणी लावून जायचे. घरात सहा माणसं. संध्याकाळच्या वेळी सून खोलीचं दार लोटून पडली आहे, हे आमच्याकडे कुणी पाहिलेलं नव्हतं. सासूबाईंना मी आत्या म्हणते. मी त्यांना सरळ सांगितलं, "आत्या, मला रोज अर्धा तास आडवं पडायचंय. बाळंतपणाची तयारी आहे ही." त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मी खोलीत गेले, तर लेकीला कडेवर घेऊन त्या ओट्यावर जाऊन बसल्या. कुणी हाक मारली की बाहेरूनच सांगायच्या, "तिचं ऐकणं चाललंय, थांबा जरा." 'झोपली आहे' म्हटलं असतं तर घरात कुरकुर झाली असती. 'तयारी चालली आहे' म्हटल्यावर सगळ्यांनी ते मानलं.

एकदा आत्याच खोलीत येऊन शेजारी टेकल्या. रेकॉर्डिंग संपेपर्यंत डोळे मिटून पडून राहिल्या. उठताना म्हणाल्या, "माझी चार बाळंतपणं झाली. चारही वेळा आदल्या दिवसापर्यंत रानात होते. आडवं पड, असं एकानंही म्हटलं नाही." त्यांचा आवाज कापत होता. त्या दिवसापासून माझा अर्धा तास सांभाळणं हे त्यांनी स्वतःचंच काम मानलं.

जानेवारीत एका रात्री कळा सुरू झाल्या. यजमान रात्रपाळीला होते. दिरांनी गाडी काढली आणि आत्या माझ्याबरोबर बारामतीला निघाल्या. वाटेत पुढे उसाचा ट्रॅक्टर आला, गाडी सावकाश चालली. कळ आली की मी नाकाने श्वास घ्यायची आणि तोंडाने लांब सोडायची. जबडा आवळला जातोय हे लक्षात यायचं आणि तो सोडता यायचा. घरी रोज केलेली गोष्ट शरीर आता न सांगता करत होतं.

रुग्णालयात कळा वाढल्या. कानातले इअरफोन मी थोड्या वेळाने काढून ठेवले; शब्द पाठ झाले होते. सरकारी रुग्णालयांत बाळंतिणीजवळ नात्यातली एक बाई थांबू शकते, अशी सूचना केंद्र सरकारने 2016 मध्ये काढली आहे. त्यामुळे आत्या माझ्याजवळ होत्या. कळ आली की त्या माझी कंबर दाबायच्या आणि ती ओसरली की कपाळावर हात ठेवून म्हणायच्या, "खांदे खाली घे पोरी." माझ्याच रेकॉर्डिंगमधलं वाक्य त्यांच्या तोंडी बसलं होतं. वेदना पहिल्या खेपेइतकीच होती. मी ओरडले, रडले. पण दोन कळांच्या मधल्या दोन-तीन मिनिटांत मला खरोखर डुलकी लागत होती. सिस्टर म्हणाल्या, "अशीच झोप घे मधेमधे, जोर लावायला लागेल." पहाटे जोर लावायची वेळ आली तेव्हा अंगात जोर होता. मुलगा झाला.

दिवसभराच्या थकव्याने मी रोज ज्या झोपेत शिरत होते, तिनेच मला दोन मिनिटांत अंग सोडून द्यायला शिकवलं, असं मला आज वाटतं. थकवा माझ्या तयारीच्या आड आला नाही. विश्रांती घ्यायची सवय हीच माझी तयारी झाली.

हे सांगताना दोन गोष्टी आवर्जून सांगाव्याशा वाटतात. अंगावरून रक्त जाणं, पाणी जाणं, बाळाची हालचाल कमी होणं, डोकं सणकून दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी येणं, चेहऱ्यावर सूज येणं, यांपैकी काहीही झालं तर ऐकत पडून राहायचं नाही. 108 ला फोन करायचा आणि दवाखाना गाठायचा. मन शांत करणं आणि धोका अंगावर काढणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरी गोष्ट आमच्या शिवारातली. दर हंगामात बीड, नगरकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. त्यांच्यात गरोदर बायका असतात. पहाटे कोयता घेऊन फडात जायचं, मोळी डोक्यावर घेऊन ट्रॅक्टरवर चढवायची आणि रात्री कोपीत येऊन चूल पेटवायची. खाडा झाला तर पैसे कापले जातात. माझ्याकडे पगारी रजा होती, खोली होती, दार होतं आणि दाराशी बसणारी सासू होती. त्यांच्याकडे यातलं काहीच नसतं. त्यांना मोबाइलवर रेकॉर्डिंग पाठवून काय होणार? त्यांना आधी गरोदरपणात काम थांबलं तरी मजुरी हवी, टोळीच्या मुक्कामी तपासणी हवी, लोहाच्या गोळ्या हव्यात. आमच्या भागातली साखर त्यांच्या कष्टांवर उभी आहे. त्यांची सोय लावणं हे आमच्या भागाचं देणं आहे.

आणि ज्या घरांत खोली आहे, दार आहे, त्यांनी आजपासूनच करावं असं एक काम आहे. गरोदर सून, लेक, जाऊ, जी कुणी असेल तिला दिवसातून अर्धा तास आडवं पडू द्यावं. ती योगनिद्रा ऐको, अभंग ऐको, नाहीतर नुसती गाढ झोपो. तेवढ्या वेळात तिला हाक मारायची नाही, हे घरातल्या प्रत्येकाने पाळावं.